हितं अशी कोण ऱ्हात न्हाय

संपादक म्हणाले, मॅडम, तुमच्या बँकेतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे, वाचकांना जरा हसवा. गमती आहेत माझ्याकडं, नाहीत असं नाही. पण गेल्या वर्षभरात एका प्रकरणानं माझं डोकं असं फिरवलंय, की गंमत लिहायला बसले तरी हात भलतंच लिहितो. तेव्हा आधी डोक्यातलं ते उतरवते. मध्ये हसण्यासारखं काही सापडलं तर वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर हसावं.

मी बारामतीत बँकेच्या कर्ज विभागात सगळी नोकरी काढली. कर्ज विभाग म्हणजे पैसे वाटायचं खातं असं लोकांना वाटतं. आमचं खरं काम निराळंच. समोरच्या माणसाची पत बघायची, म्हणजे हा शब्दाला जागणारा आहे का ते ओळखायचं. मी लागले तेव्हा त्यासाठी गावात जावं लागायचं. एसटीनं जायचं, गोठ्यात डोकवायचं, डेअरीवर चौकशी करायची, किराणा दुकानदाराशी इकडचं तिकडचं बोलत बसायचं. ज्याची चौकशी असेल त्याच्या आधी शेजाऱ्याकडं चहा प्यायचा, हा माझा शिरस्ता होता. शेजारी चांगलं बोलला तर निम्मं काम झालं. वाईट बोलला तर दोघांचं बांधावरून भांडण आहे का, ते आधी विचारून घ्यायचं.

मग कॉम्प्युटरवर अहवाल यायला लागले आणि आमचे चहा बंद झाले. हा पत अहवाल काय असतो ते सांगते, कारण पुढं त्याच्याशीच गाठ आहे. तुम्ही कुठूनही कर्ज घेतलं, हप्त्यावर मोबाइल घेतला, कार्डावर खरेदी केली, की पैसे देणारा दर महिन्याला तुमच्याबद्दल एका कंपनीला कळवतो. ती कंपनी सगळ्यांचं ऐकून तुम्हाला एक आकडा देते. त्यालाच स्कोअर म्हणायचं. तुमच्याबद्दल कोण काय कळवून गेलंय हे तुम्हाला सांगायला कुणी येत नाही. तुम्ही मागितलात तर वर्षातून एकदा तो अहवाल फुकट मिळतो, पण मागतो कोण? वडगाव निंबाळकरचे एक आबा स्कोअर कमी आला म्हणून माझ्याकडं फेरतपासणीचा अर्ज घेऊन आले होते. नातवाच्या दहावीच्या पेपरसाठी केला होता, अगदी तसाच. मॅडम, मार्क कुणी दिलं त्या मास्तरचं नाव सांगा, म्हणाले. तेव्हा सगळी शाखा हसली होती. आता वाटतं, अख्ख्या शाखेत योग्य प्रश्न विचारणारे ते एकटेच होते.

निवृत्त झाल्यावर बँकेनं मला बँक सखींच्या प्रशिक्षणाला बोलवायला सुरुवात केली. बँक सखी म्हणजे गावातच छोटं मशीन घेऊन बसणारी बाई. लोकांचा अंगठा लावून त्यांच्या खात्यातले पैसे काढून द्यायचे, भरून घ्यायचे, त्यावर तिला कमिशन. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा तालुक्याला हेलपाटा वाचतो आणि बाईला गावात एक खुर्ची मिळते. त्या खुर्चीला फार मान असतो. ज्या घरात सुनेला कुणी विचारत नाही, त्या घरात सासरा आल्यागेल्याला सांगतो, आमची सून बँकेत हाय.

गेल्या वर्षीच्या तुकडीत इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची अश्विनी होती. तिशी ओलांडलेली, बारावी झालेली, बचत गटाचा सगळा व्यवहार तोंडपाठ. घरची पेरूची बाग. नवरा माल घेऊन पुण्याच्या मार्केटला जातो, सासरे तात्या घरचा कारभार बघतात. परीक्षेत ती पहिली आली. वरकुट्याची जागा तिचीच, हे सगळ्यांनी धरलं होतं आणि तात्यांनी मशीनसाठी ओसरीवर टेबलसुद्धा करून घेतलं होतं. नेमणुकीआधी बँक पॅन कार्डावरून पत अहवाल काढते, तो शेवटचा सोपस्कार. अहवाल आला, ही बाई थकबाकीदार. एका झटपट कर्जाच्या अॅपवरून पैसे उचललेत, एकही हप्ता भरलेला नाही आणि फोन केला तर घरचे लोक दिशाभूल करतात. जागा रोखली. महिन्याभरात अहवाल स्वच्छ करून आणा, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या बाईला घेऊ, असं तिला सांगण्यात आलं.

वर्ग सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, मॅडम, आमच्या घरात कुणी कधी हप्त्यावर मिक्सरसुद्धा घेतला न्हाय. मी अहवाल बघितला. त्यावर नाव होतं मनीषा. मी विचारलं, ही मनीषा कोण? ती म्हणाली, मीच की. माहेरची.

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, हाक मारायचं नावही बदलतं. टाळ्या होतात, फोटो निघतात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरतं. माझंही बदलणार होतं. बँकेचं नेमणूकपत्र लग्नाच्या आधी आलं म्हणून वाचलं, नाहीतर हा लेख तुम्ही दुसऱ्याच नावानं वाचला असता. तर अश्विनीचं पॅन कार्ड मनीषाच्या नावाचं, कारण ती लग्नाआधी बारामतीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची तेव्हा काढलेलं. आधार कार्ड मागाहून सासरच्या नावावर करून घेतलेलं. अशा बायका आपल्या दोन तालुक्यांत किती असतील, तुम्हीच आपापल्या घरात बघा.

हे पॅन कार्ड चोराच्या हाती गेलं कसं? त्याचं उत्तर शोधायला मला फार हिंडावं लागलं नाही. पेरू आणि डाळिंब विकत घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं दोन वर्षांपूर्वी बागायतदारांना अॅप दिलं होतं. कंपनीचं नाव छापता येणार नाही असं संपादक म्हणतात, म्हणून नुसतं कंपनी म्हणते. तोंडात येतं ते छापण्यासारखं नाहीच. अॅपमध्ये आधार मागितलं, पॅन मागितलं, चेहऱ्याचा फोटो, रद्द केलेला चेक आणि घरातला आणखी एक मोबाइल नंबर. अहो, पेरू घ्यायचेत ना तुम्हाला? पेरूला चेहरा कशाला लागतो? बाग अश्विनीच्या नावावर, म्हणून सगळं तिचं दिलं आणि आणखी एक नंबर म्हणून तात्यांचा दिला. हजारो घरांनी असंच दिलं. मग एके दिवशी कंपनीच्या कॉम्प्युटरमधून ते सगळं चोरीला गेलं.

कंपनीनं कळवलं का? कळवलं की. इंग्रजीत मेसेज पाठवला. काही माहितीपर्यंत अनधिकृतपणे पोचल्याचा प्रकार आमच्या निदर्शनास आला आहे, आपली सुरक्षितता आम्हाला सर्वाधिक महत्त्वाची आहे, सावध राहावे, असा त्याचा मतलब. भाव मराठीत कळवतात, माल नाकारला तर मराठीत कळवतात आणि आमचं घर फोडलं गेलं ते इंग्रजीत. तो मेसेज आला तात्यांच्या मोबाइलवर. तात्या इंग्रजी मेसेज आला की पुसून टाकतात, कारण तो जाहिरातीचा असतो असं त्यांना नातवानं शिकवलंय. अशी कंपनीची जबाबदारी संपली.

चोरानं काय केलं, ते तालुक्याच्या सायबर पोलिसानं मला समजावलं. चोरलेल्या आधारवर नवीन सिमकार्ड काढलं. त्या नंबरावर खातं उघडलं. पॅन आणि चेहऱ्याचा फोटो वापरून अॅपवरून कर्ज उचललं, पैसे पुढं सरकवले आणि सिम फेकून दिलं. कर्ज देणाऱ्यानं तरी काही बघितलं का? कुठली चौकशी, कुठला शेजारी. मी एका म्हशीच्या कर्जासाठी दोन गावं पालथी घालायची आणि ह्यांनी चहा थंड व्हायच्या आत पैसे देऊन टाकले. वर त्याचीच जाहिरात करतात.

हप्ता चुकल्यावर वसुलीवाल्यांनी चोरानं अर्जात भरलेल्या दुसऱ्या नंबरावर फोन लावला. तो तात्यांचा. मनीषा आहे का? तात्या म्हणाले, हितं अशी कोण ऱ्हात न्हाय. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. तात्या खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या घरात अश्विनी राहत होती. पुढं पुण्याहून वसुलीचा माणूस गावात आला. तात्यांनी त्याला चहा पाजला, बागेतले पेरू बांधून दिले आणि सांगितलं की अख्ख्या वरकुट्यात ह्या नावाची बाई न्हाय, तुमी उगं पेट्रोल जाळलं. त्यानं परत जाऊन शेरा मारला, कर्जदार फरार, कुटुंबीय दिशाभूल करतात. पेरू घेऊन गेला तो घेऊन गेलाच.

लग्नानंतर त्या बाईला मनीषा म्हणून कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्यानं नाही, पोरांना तर माहीतच नव्हतं, आईसुद्धा अश्विनीच म्हणायची. इतक्या वर्षांत ते नाव पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं, तर चोराच्या. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो राग अजून शांत झालेला नाही.

मग आम्ही कामाला लागलो. तुमच्यावर वेळ आली तर काय करायचं, ते ह्यातच आलं. आधी सायबर पोलिसांत तक्रार केली आणि त्याची पोच हातात घेतली, कारण पोच नसेल तर पुढं कुणी दारात उभं करत नाही. आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत हे सरकारी वेबसाइटवर दिसतं. तिथं अनोळखी नंबर निघाला, तो बंद करायला लावला. घरातल्या सगळ्यांचे आधारचे अंगठे कुलूपबंद केले, म्हणजे आपण उघडल्याशिवाय ते कुठंच चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्या शेजारच्या गावी पेन्शन काढायला गेले, अंगठा काही लागेना. बँक सखीशी भांडले, मशीन पुसून बघितलं, साबणानं हात धुऊन आले, मग मला फोन करून म्हणाले, मॅडम, चोर ऱ्हायला बाजूला, तुमी मलाच कोंडलं. कुलूप उघडायचं कसं ते त्यांना पुन्हा शिकवलं.

खरा छळ पुढं होता. अहवाल बनवणाऱ्या कंपनीला कळवलं की हे कर्ज आमचं नाही. ती म्हणते, आम्ही फक्त लिहून घेतो, कर्ज देणाऱ्याला विचारा. कर्ज देणारा म्हणतो, आमच्याकडं पॅन आहे, फोटो आहे, सगळं जुळतंय. पेरूवाली कंपनी म्हणते, चोरी आमच्याकडूनच झाली ह्याचा पुरावा द्या. तिघांनी हात वर केले आणि मधोमध ही बाई, जिनं काहीच केलेलं नाही, ती पुरावे गोळा करतीय. माझ्या नोकरीत मी बुडवे बघितलेत, त्यांची सोंगं बघितलीत. पण गुन्हा सोसणाऱ्यालाच आरोपी करून वर त्यालाच धन्यवाद म्हणायला लावायचं, ही कला ह्यांचीच. प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचे, आमच्या सेवेला किती गुण द्याल?

आणि मग कर्ज देणाऱ्यानं तोडगा काढला. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र द्या की मनीषा नावाची व्यक्ती मी नाही, तिच्याशी माझा संबंध नाही. आठवड्याभरात तुमचं नाव मोकळं करतो, म्हणाले. मुदतीला थोडेच दिवस उरले होते. बँकेतल्या साहेबांनाही ते पटलं. मी त्या साहेबांना म्हणाले, अहो, बारावीचा दाखला मनीषाचा आहे. ज्या शिक्षणावर तुम्ही हिला घेताय, ते उद्या हिचं राहणार नाही. आणि धडधडीत खोटं लिहून द्यायचं ते वेगळंच. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार खोलात जाता.

मी वरकुट्याला गेले. ओसरीवर तात्या होते, ती होती. दोन्ही वाटा मी सरळ मांडल्या. लिहून दिलं तर जागा मिळेल, पण मनीषा कायमची मिटेल. नाही दिलं तर भांडायला महिने जातील आणि जागा जाईल. तात्या लगेच म्हणाले, लिहून दे की पोरी, त्यात काय एवढं. ते नाव आता घेतंय कोण?

ती सावकाश म्हणाली, "तात्या, बारावीला केंद्रात दुसरी आली ती मनीषा. पॅकिंगला जाऊन भावाची फी भरली ती मनीषा. तुमी बघायला आला तवा तिलाच बघून पसंत केली. ती मी न्हाय असं मी कशी लिहू?"

तात्यांनी मशीनसाठी केलेल्या त्या टेबलावरून हात फिरवला. शेवटी त्यांनीच विचारलं, मॅडम, मग आता मी काय करायचं? मी म्हणाले, फोनवर जी इथं राहत नाही म्हणून सांगितलंत, ती तुमची सून आहे, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. गावात हसतील हो, असं म्हणाले खरं, पण सही केली. सही करता करता सुनेकडं न बघताच म्हणाले, "त्या नावानं हाक मारायची कधी वेळच पडली न्हाय गं."

मुदत संपली. मी बँकेत जाऊन साहेबांना जागा थांबवायची विनंती केली. ज्या बँकेत आयुष्य घातलं, तिथं पाहुण्याच्या खुर्चीत बसून मी अजिजी केली. सिस्टीम थांबत नाही, असं उत्तर आलं. यादीतल्या दुसऱ्या बाईची, तिच्याच बचत गटातल्या वंदनाची नेमणूक झाली. आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार घेऊन गेलो, पुन्हा पुन्हा लिहिलं, माझ्याही नाकी नऊ आले. बऱ्याच महिन्यांनी अहवाल स्वच्छ झाला. ती तो घेऊन बारामतीला माझ्या घरी आली. मी पेढे पुढं केले. तिनं विचारलं, आता जागा मिळंल का मॅडम? मी नाही म्हणाले. गावात एकच जागा असते.

ह्या उन्हाळ्यात त्याच पेरूवाल्या कंपनीनं इंदापूरला एका मंगल कार्यालयात बागायतदारांचा मेळावा घेतला. नवीन अॅप आलं होतं. ती म्हणाली, मॅडम, चला माझ्याबरोबर. गेलो. खुर्च्यांना कव्हरं, प्रत्येकाला वडा आणि टोपी. पुण्याहून एक तरुण साहेब आला होता. त्यानं मराठीत छान भाषण केलं. नवीन अॅप किती सुरक्षित आहे ते सांगितलं. कुणीतरी मागून जुन्या चोरीचं विचारलं, तर म्हणाला, तो विषय आता संपलाय आणि मी अभिमानानं सांगतो की आमच्या एकाही शेतकऱ्याचा एक रुपयाही गेलेला नाही.

ती उभी राहिली. शेजारी तात्या होते, त्यांनी तिला थांबवलं नाही. तिनं आधी आपलं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं, मग सासरचं. आवाज चढवला नाही.

"रुपया गेला न्हाय, हे खरं हाय साहेब. रुपया गेला असता तर तुमी भरून दिला असता. माझी जागा गेली. गावात बँकेच्या मशीनवर मी बसणार होते, आता वंदना बसती. ती माझी मैत्रीण हाय, तिचा काय दोष न्हाय. पैसं काढायला मी तिच्याकडंच जाते. अंगठा ठेवला की पैसं मिळतात. तितं मला कोण पुरावा मागत न्हाय. मग जागा देताना का मागितला, आन् तुमी काय गमावलं, तेवढं सांगा."

तो तरुण वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. माइक ठेवून तो खाली उतरला, रांगेतून वाट काढत तिच्यापर्यंत आला. ताई, तुमची तक्रार मी स्वतः वर पाठवतो, म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"फक्त तुमच्या आधारचा आणि पॅनचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर टाका," तो म्हणाला. "त्याशिवाय तक्रार घेता येत नाही."